उकळत्या द्रवाचे वहन आणि अपकेंद्री पंपाचे दोषनिदान : अमेरिकेतील घरगुती बिअरनिर्मितीच्या संदर्भात

प्रस्तावना :

विहिरीवरील मोटार सुरू करण्यापूर्वी तिच्यात पाणी भरून घ्यावे लागते, हे ग्रामीण महाराष्ट्रातील शाळकरी मुलासही ठाऊक असते. मोटारीने एकदा हवा धरली की ती कितीही वेळ फिरली तरी पाणी वर येत नाही. या अनुभवामागील भौतिकशास्त्र आपण वर्गात नियमितपणे शिकवितो. परंतु द्रव उकळता असेल तर तेच तत्त्व किती अडचणीचे ठरते, याकडे सहसा लक्ष जात नाही. प्रस्तुत लेखात त्याचे विवेचन एका अपरिचित उदाहरणाच्या आधारे केले आहे.

अमेरिकेत १९७८ साली संमत झालेल्या कायद्याने घरगुती वापरासाठी बिअर तयार करण्यास करमुक्त परवानगी मिळाली. एका प्रौढाच्या घरास वर्षाला १०० गॅलन आणि दोन वा अधिक प्रौढांच्या घरास २०० गॅलन अशी त्याची मर्यादा आहे. आपल्याकडे परवान्याविना अशी निर्मिती १९४९ च्या दारूबंदी कायद्यान्वये निषिद्ध असल्याने हा छंद आपणांस परका वाटणे स्वाभाविक आहे. त्यातील तांत्रिक प्रश्न मात्र परका नाही.

प्रश्नाचे स्वरूप :

माल्टचा गोड अर्क, ज्यास वर्ट म्हणतात, हॉप्ससह सुमारे तासभर उकळला जातो. त्यानंतर तो शक्य तितक्या लवकर वीस अंशांच्या आसपास थंड करावा लागतो. कोमट वर्ट हे जिवाणूंचे आवडते अन्न होय. यीस्ट मिसळण्यापूर्वी ते तेथे वाढले तर संपूर्ण घाणा वाया जातो. म्हणून पंपाच्या साहाय्याने वर्ट प्लेट चिलरमधून नेतात. त्यात धातूच्या पातळ पत्र्यांच्या एका बाजूने वर्ट आणि दुसऱ्या बाजूने उलट दिशेने थंड पाणी वाहते.

प्रस्तुत लेखकाचा एक वर्गमित्र डेन्व्हर येथे वास्तव्यास असून त्यास हा छंद आहे. त्याचा पंप थंड पाण्यावर उत्तम चाले. उकळता वर्ट सोडताच खडे खळखळल्यासारखा आवाज येई आणि प्रवाह तुटे. पंप सदोष आहे असे समजून त्याने दुसरा, अधिक शक्तीचा पंप आणला. त्याने स्थिती अधिकच बिघडली. घाईने नळी सोडविताना त्याचा हातही भाजला. दोन घाणे ओतून दिल्यावर त्याने दूरध्वनी केला, तेव्हा त्याचा पहिला प्रश्न होता, "तिसरा कोणता घेऊ?"

कारणमीमांसा :

पंप द्रव ओढून घेतो, ही समजूत येथे मुळाशी आहे. वस्तुतः पंप आपल्या मुखाशी केवळ दाब कमी करतो. द्रवास आत ढकलण्याचे काम वातावरणाचा दाब आणि द्रवाची उंची ही दोन करतात. मुखाशी उरलेला दाब द्रवाच्या बाष्पदाबाहून खाली गेला की द्रवाची तेथेच वाफ होते, आणि वाफेने भरलेला इम्पेलर हवा धरलेल्या मोटारीसारखाच निरुपयोगी ठरतो. मुखाशी उपलब्ध असणाऱ्या या दाबाच्या शिल्लकीस अभियांत्रिकीत नेट पॉझिटिव्ह सक्शन हेड अशी संज्ञा आहे.

डेन्व्हरची उंची सुमारे १६०० मीटर, तेथील वातावरणाचा दाब अंदाजे ८३ किलोपास्कल. थंड पाण्याचा बाष्पदाब त्यापुढे नगण्य असल्याने सुमारे सव्वाआठ मीटर पाण्याच्या स्तंभाएवढी शिल्लक राहते. वर्ट उकळत असताना मात्र बाष्पदाब आणि वातावरणाचा दाब समान होतात, कारण उकळणे याचा अर्थच तो आहे. शिल्लक राहते ती केवळ पातेल्यातील पातळी पंपाहून जितकी उंच तितकी, म्हणजे अर्धा-पाऊण मीटर. त्यातूनही नळीतील घर्षण वजा जाते. तेथे पाणी ९५ अंशांनाच उकळत असल्याने त्रास कमी व्हावा, असा मित्राचा युक्तिवाद होता. तो फसवा आहे. उत्कलनबिंदू कोणताही असो, शिल्लक शून्यच. मोठा पंप का हरला, हेही यातून कळते. प्रवाह वाढला की नळीतील घर्षण वाढते आणि पंपाची स्वतःची गरजही वाढते.

यावरचा उपाय पैशाचा नाही. ज्योत बंद करून वर्ट ९० अंशांपर्यंत उतरू दिला तर बाष्पदाब ७० किलोपास्कलवर येतो आणि जवळजवळ १.४ मीटरची शिल्लक आपोआप मिळते. पाच अंशांनी एवढा फरक पडतो, हे आकडेमोड केल्याखेरीज पटत नाही! त्या दहा-पंधरा मिनिटांत हॉप्सचा गाळही तळाशी बसतो.

अन्य दोष :

पंप पातेल्याच्या शक्य तितका खाली असावा आणि त्याचे बहिर्मुख वरच्या बाजूस असावे, म्हणजे आतील हवा निसटते. सुरू करण्यापूर्वी दोन्ही तोट्या उघडून वर्ट स्वतःच्या वजनाने पंप भरू द्यावा. प्रवाह कमी करावयाचा झाल्यास तो बाहेरील तोटीने. आतील बाजूची तोटी आवळणे म्हणजे उरलीसुरली शिल्लक गमावणे होय. आतील बाजूच्या सैल जोडातून पंप चालू असताना द्रव गळत नाही, उलट हवा आत शिरते. त्यामुळे तो जोड कोरडा दिसतो आणि संशयातून सुटतो. पारदर्शक नळीचा एक तुकडा लावल्यास बुडबुडे लगेच दिसतात.

हे पंप बहुधा चुंबकीय जोडणीचे असतात. मोटार गुणगुणते पण इम्पेलर फिरत नाही, असे झाल्यास चुंबकांची पकड सुटलेली असते; पंप बंद करून पुन्हा सुरू केल्यास ती जुळते. तरीही न जुळल्यास आत हॉप्सचे तुकडे अडकलेले असतात. कोरडा पंप फिरवत ठेवू नये, कारण त्याच्या बेअरिंगला वर्टचेच वंगण असते.

चिलर तुंबला असेल तर लक्षण निराळे. खळखळाट नसतो, प्रवाह मात्र बारीक होतो आणि बाहेर येणारा वर्ट नेहमीपेक्षा अधिक थंड लागतो, कारण तो पत्र्यांत जास्त वेळ रेंगाळतो. अशा वेळी पंपास हात लावण्याची गरज नाही. पंप थांबवून, दोन्ही तोट्या बंद करून, मगच नळी सोडवावी आणि चिलरमधून उलट दिशेने गरम पाणी गाळ येणे थांबेपर्यंत सोडावे.