सोयाबीन येण्याआधी केंद्रावरचा कॉम्प्युटर झाडून घ्या



आजचा संदेश किडीचा नाही, खताचाही नाही. गावोगावच्या संकलन केंद्रावर, बचत गटात, सेवा केंद्रात किंवा घरी ज्यांच्याकडे टेबलावरचा कॉम्प्युटर आहे, त्यांच्यासाठी हा आहे. वाचून झाल्यावर घरातल्या पोरांनाही दाखवा.

सोयाबीनची आवक सुरू झाली की वजन, पावती, बँक खाते सगळी नोंद त्याच मशीनवर होते. ऐन गर्दीत ते बंद पडलं तर पावती अडते आणि पैसेही अडतात. बंद पडायचं एक नेहमीचं कारण म्हणजे धूळ. चाळणी यंत्राचं भुस्कट, मळणीचा कचरा, हायवेची माती, सगळं आत जाऊन बसतं.

*धुळीनं नेमकं काय होतं?*
हार्वेस्टरच्या रेडिएटरची जाळी भुसानं भरली की इंजिन तापतं, हे आपल्याला माहीतच आहे. इथंही तेच. आतल्या मुख्य चिपवर ॲल्युमिनियमच्या बारीक पात्यांचा ठोकळा आणि त्यावर पंखा असतो. पात्यांमध्ये धूळ अडकली की वारा जात नाही. चिप तापून ९०-१०० अंशांच्या आसपास गेली की आधी मशीन मंद चालतं, मग स्वतःला वाचवायला आपोआप बंद होतं. पंख्याचा आवाज वाढला, मशीन हळू झालं, दुपारी आपोआप बंद व्हायलंय, अशी लक्षणं दिसली की आधी धूळ बघा. लगेच नवीन मशीनचा खर्च काढू नका.

*उघडण्याआधी*
१) सगळ्या नोंदी पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. हे काम पहिलं, बाकी सगळं नंतर.
२) कॉम्प्युटर नीट बंद करा. नुसतं बटण बंद करून भागत नाही, पिन बोर्डातून काढा. यूपीएस असेल तर त्याच्यापासूनही वायर सोडवा.
३) पिन काढल्यावर चालू करायचं बटण ५-१० सेकंद दाबून धरा, म्हणजे उरलेली वीज निघून जाते.
४) मागच्या वायरींचा मोबाईलवर फोटो काढा. परत जोडताना गोंधळ होत नाही.
५) डबा ओसरीत किंवा अंगणात सावलीला न्या. तोंडाला रुमाल किंवा मास्क बांधा. ही धूळ छातीत जाऊ देऊ नका.

*साफ कसं करायचं?*
बहुतेक डब्यांचं एका बाजूचं झाकण मागचे दोन स्क्रू काढले की सरकतं. आत हात घालण्याआधी डब्याच्या रंग नसलेल्या लोखंडी भागाला हात लावा आणि मधून मधून लावत राहा. थंडीच्या कोरड्या हवेत स्वेटर काढताना चटचट होतं ना, तीच वीज बोटातून चिपला लागली तर चिप कायमची जाऊ शकते.

रंगाचा नवा, मऊ, कोरडा ब्रश घ्या. औषधाला वापरलेला नको. पंख्याचं पातं बोटानं धरून ठेवा आणि हलक्या हातानं धूळ सुटी करा. मग हातानं दाबायच्या रबरी पंपानं किंवा छोट्या ब्लोअरनं थोड्या अंतरावरून वारा मारा. पातं धरायचं कारण असं की जोराच्या वाऱ्यानं पंखा भन्नाट फिरला तर त्याचं बेअरिंग खराब होतं. ठोकळ्याच्या पात्यांमध्ये नीट बघा, खरी गच्ची तिथंच असते. ठोकळा मात्र काढू नका. त्याच्याखाली उष्णता वाहून नेणारी पेस्ट असते, काढला की ती नव्यानं लावावी लागते.

*हे अजिबात करू नका*
• ओलं फडकं किंवा पाणी नको. तोंडानं फुंकर नको, थुंकी उडते.
• पंक्चरच्या दुकानातला कॉम्प्रेसर नको. दाब जास्त असतो आणि टाकीतलं पाणी हवेबरोबर बाहेर येतं.
• फवारणीचा ब्लोअर नको. त्यात औषधाचा अंश असतो.
• घरातला व्हॅक्यूम क्लीनर आत घालू नका, त्याच्या नळीवर स्थिर वीज तयार होते.
• ज्या पेटीत वीज जाते ती पॉवर सप्लायची पेटी कधीच उघडू नका. पिन काढल्यावरही तिच्यातल्या कपॅसिटरमध्ये जीवघेणी वीज राहू शकते. बाहेरूनच जाळीवर ब्रश फिरवा. यूपीएसही उघडू नका.
• बोर्डावरचा नाण्यासारखा सेल हलवू नका. तो निघाला की तारीख बदलते, आणि पावतीवर चुकीची तारीख पडते.

कीबोर्ड उलटा करून हलकेच थोपटा. स्क्रीनवर फवारा थेट मारू नका, मऊ कोरड्या कापडानं पुसा.

*परत जोडताना*
झाकण लावण्याआधी ब्रशचा केस किंवा सुटा स्क्रू आत राहिला नाही ना, बघा. झाकण लावा, फोटो बघून वायरी जोडा आणि चालू करा. पंख्याचा आवाज येतोय आणि मागून वारा लागतोय का, तपासा. स्क्रीन आली नाही आणि बीप वाजत राहिला तर घाबरू नका. बहुतेक वेळा मेमरीची पट्टी हललेली असते. पुन्हा पिन काढून ती दोन्ही बाजूंनी टकटक बसेपर्यंत दाबा. तरी जमलं नाही तर जाणकाराला बोलवा. जळका वास आला तर मात्र लगेच पिन काढा, पुन्हा चालू करून बघू नका.

*पुढं धूळ कमी बसावी म्हणून*
डबा जमिनीवर ठेवू नका, फूट-दीड फूट उंचावर ठेवा. चाळणी यंत्र आणि कॉम्प्युटर एका खोलीत नको. मागे भिंतीपासून वीतभर जागा सोडा. मशीन चालू असताना त्यावर कापड झाकू नका, बंद केल्यावर झाका. धुळीच्या केंद्रावर वर्षातून दोनदा सफाई करा. एकदा सोयाबीनच्या आधी आणि एकदा तूर-हरभऱ्याची आवक संपल्यावर, उन्हाळा तापायच्या आत.

अर्ध्या तासाचं काम आहे. आवक सुरू व्हायच्या आत करून घ्या, म्हणजे काट्यावर ट्रॅक्टरची रांग लागलेली असताना कुणाची पावती अडणार नाही.

आपला,
कृषी सल्लागार
शेतकरी उत्पादक कंपनी, अणदूर