मोबाईल हरवण्याआधीच करून ठेवायची तयारी

समजा, सहा डिसेंबर आहे. गावाकडच्या चाळीस जणांना घेऊन तुम्ही दादरला आला आहात. चैत्यभूमीच्या रांगेत जराशी रेटारेटी होते आणि थोड्या वेळाने खिशात हात घालता तर मोबाईल नाही. परतीची तिकिटे त्यात, सोबतच्या सगळ्यांचे नंबर त्यात. रात्री कुठे जमायचे हे ज्या ग्रुपवर ठरले, तो ग्रुपही त्यातच. शेजारच्याने आपला फोन पुढे केला, तरी लावायचा कुणाला? घरचा एक तरी नंबर पाठ आहे का?

दीक्षाभूमी असो, मोर्चा असो की रोजची लोकल, गर्दीत मोबाईल जाणे नवीन नाही. हँडसेटचे पैसे पुन्हा कमावता येतात. खरे नुकसान आतल्या गोष्टींचे असते: बँक खाते, कागदपत्रे, फोटो आणि कार्यकर्त्याच्या बाबतीत इतरांनी विश्वासाने दिलेली माहिती. फोन गेल्यावर त्यातले फारसे काही वाचवता येत नाही. जे करायचे ते आधीच करावे लागते आणि त्याला तासाभरापेक्षा जास्त वेळ लागत नाही.

१. आयएमईआय नंबर लिहून ठेवा

डायलरवर *#०६# दाबा. पंधरा अंकी नंबर दिसेल, तोच आयएमईआय. दोन सिमच्या फोनला असे दोन नंबर असतात, दोन्ही लिहा. खरेदीचे बिल जपून ठेवा आणि त्याचा फोटो घरातल्या दुसऱ्या कुणाच्या फोनमध्येही ठेवा. तक्रार करताना हीच माहिती विचारतात.

२. दोन कागद तयार करा

एक कागद घरी ठेवायचा. त्यावर आयएमईआय, बँकेचा आणि सिम कंपनीचा मदत क्रमांक आणि गुगल खात्याचे बॅकअप कोड लिहा. हे कोड महत्त्वाचे आहेत. दुसऱ्या फोनवरून गुगल खाते उघडायला गेलात, तर गुगल बहुतेक वेळा हरवलेल्या फोनवरच खात्री करायला सांगते. तेव्हा हे आठ अंकी कोड कामी येतात. खात्याच्या सुरक्षा सेटिंगमधून असे दहा कोड मिळतात.

दुसरा छोटा कागद सोबत ठेवा, पण त्यावर फक्त घरचे आणि दोन सहकाऱ्यांचे नंबर असू द्या. पिन किंवा पासवर्ड त्यावर लिहू नका.

३. स्क्रीनला आणि सिमलाही कुलूप

स्क्रीन लॉक अनेकजण लावतात. पण चोर सिम काढून दुसऱ्या फोनमध्ये घालतो आणि ओटीपी त्याच्याकडे जाऊ लागतात. म्हणून सिम पिन लावा. आधी कंपनीकडून मूळ पिन विचारून घ्या, कारण तीन वेळा चुकल्यास सिम लॉक होते आणि ते उघडायला पीयूके कोड लागतो. लॉक स्क्रीनवर मेसेजचा मजकूर दिसणार नाही अशी सेटिंग करा. यूपीआय लाइटमध्ये मोठी रक्कम ठेवू नका, कारण त्यातून पैसे द्यायला पिन लागत नाही.

४. फोन शोधण्याची सोय सुरू आहे का ते बघा

अँड्रॉइडवर गुगलची ‘फाइंड हब’ (पूर्वीची ‘फाइंड माय डिव्हाइस’) आणि आयफोनवर ‘फाइंड माय’ ही सोय आहे. एकदा मित्राच्या फोनवरून आपला फोन वाजवून बघा. काम झाले की त्याच्या फोनमधून आपले खाते आठवणीने बंद करा.

५. इतरांची माहिती सांभाळा

ग्रुपला एकच ॲडमिन असेल तर दुसरा नेमा. वर्गणीचा हिशेब, सदस्यांची यादी, विद्यार्थ्यांचे जातीचे दाखले हे सगळे एकाच फोनच्या गॅलरीत ठेवू नका. काम झालेले दाखले आणि आधारचे फोटो काढून टाका. व्हॉट्सॲपचा बॅकअप आणि सहा अंकी टू-स्टेप पिन सुरू करा.

हरवल्यावर काय करायचे?

आधी दुसऱ्या फोनवरून आपला नंबर लावून बघा. नाही मिळाला तर ‘फाइंड हब’वरून तो लॉक करा. सगळा डेटा पुसण्याचा पर्याय शेवटी वापरा, कारण त्यानंतर फोन कुठे आहे ते दिसत नाही. मग सिम बंद करा आणि बँकेला कळवून यूपीआय थांबवा. पैसे गेले असतील तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

पुढे पोलिसांत तक्रार करून तिची प्रत घ्या आणि त्याच नंबरचे नवे सिम काढा. या दोन्ही गोष्टी हातात आल्या की दूरसंचार विभागाच्या ‘संचार साथी’ पोर्टलवर जाऊन हँडसेट ब्लॉक करा. मग तो देशातल्या कोणत्याही नेटवर्कवर चालत नाही. फोन परत मिळाला तर तिथूनच तो पुन्हा सुरू करता येतो.

एक लक्षात ठेवा, नवे सिम चालू झाल्यावर पहिले २४ तास त्यावर एसएमएस बंद असतात, म्हणजे ओटीपीही येत नाही. शिष्यवृत्तीचा अर्ज शेवटच्या दिवसावर ढकलणाऱ्यांना हा एक दिवस महागात पडू शकतो.

आणि ‘तुमचा फोन सापडला, या लिंकवर पासवर्ड टाका’ असा मेसेज आला तर तो सापळा समजा.

हे सगळे तरुणांना सहज जमेल. पण आपल्या आईवडिलांचे, वस्तीतल्या ज्येष्ठांचे काय? पेन्शनचा मेसेज त्यांच्याच फोनवर येतो. येत्या रविवारी विहारात अर्धा तास काढा आणि प्रत्येकाचा आयएमईआय व घरच्यांचा नंबर कागदावर लिहून द्या. सुरुवात मात्र आजच आपल्या फोनपासून करा.