डोंगरची काळी मैना आणि तिच्या मैत्रिणी

चैत्र संपत आला, की शिराळ्याच्या एस.टी. स्टँडवर पळसाच्या पानांचे द्रोण दिसू लागतात. त्यांत काळीभोर करवंदे! आपण दोन द्रोण घेतो, मुलांच्या हाती देतो, "कोंबडा का कोंबडी?" म्हणून ती एकेक करवंद फोडतात. आतून लाल निघाले तर कोंबडा, पांढुरके निघाले तर कोंबडी. गाडी सुटते आणि विषय संपतो.

पण त्या द्रोणामागची बाई पहाटे काळोखात घरातून निघालेली असते, बरं का! माझे माहेर वारणेकाठचे, म्हणून हे मी लहानपणापासून पाहिले आहे. आमची काकी जाळीत हात घालायची तेव्हा कोपरापर्यंत ओरखडे, बोटांना पांढरा चीक. दुपारपर्यंत पाटी भरायची. आणि संध्याकाळी? पिकलेले करवंद उद्यापर्यंत थांबत नाही, म्हणून उरलेली पाटी पडेल त्या भावाने द्यायची. कष्ट तिचे, फायदा कुणाचाच नाही.

करवंद एकटेच नाही. शिराळ्याहून पश्चिमेला आरळा, मणदूरकडे निघालात, की पाऊस वाढत जातो आणि झाडी दाट होते. चांदोलीच्या सदाहरित रानात अंजनी, जांभूळ, पिसा, हिरडा यांची गर्दी असते. होळीच्या सुमारास तांबूस, आंबटढाण आंबगुळी येते; काही ठिकाणी तिला नेरली म्हणतात. उन्हाळ्यात पांढरीशुभ्र, पिठूळ तोरणे. मग अळू. हे भाजीचे अळू नव्हे हं, हे फळ! ते गवतात आढी घालून पिकवतात. भोकरे लोणच्याला, फणसाच्या आठळ्या आमटीला, आणि मृगाच्या पावसाबरोबर जांभळे.

मात्र एक लक्षात ठेवायला हवे. चांदोलीचे १९८५ मध्ये अभयारण्य झाले, २००४ मध्ये राष्ट्रीय उद्यान आणि २०१० पासून ते सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आहे. तिथले फळ तोडायचे नाही. ते अस्वलांचे, पाखरांचे. आपला रानमेवा बांधावरचा, कुपाचा, मालकीच्या डोंगराचा. आणि नेमका तोच कमी होतो आहे. कुपाच्या जागी तारा आल्या, आणि उन्हाळ्यात कुणीतरी काडी लावली की मोहरलेली जाळी वणव्यात जाते.

मग आपण गृहिणींनी काय करायचे? कच्च्या करवंदापासून सुरुवात करा. ते टिकते, प्रवास करते आणि वर्षभर पुरते.

लोणचे : अर्धा किलो कच्ची करवंदे धुऊन, चिरून, बिया काढून मिठाच्या पाण्यात तासभर ठेवा, चीक निघून जातो. निथळून फडक्यावर कोरडी करा. मग नेहमीच्या कैरीच्या लोणच्यासारखाच मसाला आणि गार केलेली फोडणी घाला. थोडा गूळ घातलात तर मुलेही आवडीने खातात.

जॅम : पिकलेली आणि अर्धवट पिकलेली करवंदे निम्मी निम्मी घ्या. जॅम घट्ट करणारे पेक्टिन अर्धवट पिकलेल्या फळात अधिक असते, आणि आंबटपणा मुळातच आहे, म्हणून लिंबूही लागत नाही. थोड्या पाण्यात शिजवून चाळणीतून गाळा. वाटीला वाटी साखर घालून आटवा. बशीत टाकलेला थेंब ओघळला नाही, की झाला जॅम. पातेले स्टीलचेच घ्या; आंबट पदार्थाला ॲल्युमिनियम नको.

जांभळाच्या बिया वाळवून त्यांची पूड पुष्कळ घरांत मधुमेहासाठी ठेवतात. ठेवा, पण तिच्या भरवशावर डॉक्टरांचे औषध बंद करू नका. आणि अनोळखी रानफळ जाणत्या बाईला दाखवल्याशिवाय मुलांच्या हाती देऊ नका.

तळकोकणात कोकमाचे पाहा. आमसूल, आगळ, सरबत, बियांचे तेल; फळाचा कणही वाया जात नाही. सिंधुदुर्ग-रत्नागिरीच्या कोकमाला भौगोलिक मानांकनही मिळाले. घाटावरच्या करवंदाला अशी घरची प्रक्रिया मिळाली, तर पाटी घेऊन बसलेल्या बाईला संध्याकाळची घाई राहणार नाही. चार-सहाजणींच्या बचतगटाला एक मोठे पातेले, स्वच्छ बरण्या आणि अन्नपदार्थ विक्रीची नोंदणी, एवढ्यावर सुरुवात होते.

आणि जाता जाता एक सोपे काम. जांभळाची बी वाळली की उगवत नाही, म्हणून फळ खाल्ल्याबरोबर ती पिशवीत लावा. करवंदाचेही ताजे बीच लावावे. परसाच्या कडेला करवंदाची जाळी वाढली, की गुरे आत येत नाहीत आणि उन्हाळ्यात फळ दारात.

काकी आता थकली आहे. कोणत्या ओढ्याकाठचे अळू गोड आणि कोणती जाळी आधी पिकते, हे सारे तिच्या डोक्यात आहे. यंदा माहेरी जाईन तेव्हा लेकीला तिच्याबरोबर रानात पाठवणार आहे. ओरखडे निघाले तर निघू देत!