मियोवेनीचा बोल्ट, नाशिकचा पाना

नाशिकच्या रस्त्यांवर अजूनही अधूनमधून एखादी महिंद्रा लोगान दिसते, किंवा तिचंच पुढे बदललेल्या नावाचं रूप, व्हेरिटो. चौकोनी, उंच छताची, दिसायला साधी, डिकी मात्र भरपूर मोठी. टॅक्सीवाल्यांची आवडती गाडी. 2007 साली ती नाशिकच्याच सातपूर भागातल्या कारखान्यातून बाजारात आली, तेव्हा तिचं जुळं भावंड रोमानियात, पितेश्त शहराजवळच्या मियोवेनी गावात, तीन वर्षांपासून तयार होत होतं. तिकडे नाव डाचिया लोगान. मूळ आराखडा एकच आणि 1.5 लिटरचं डिझेल इंजिनही तेच. आपल्याकडे येताना स्टिअरिंग उजवीकडे आलं, एवढाच डोळ्यांत भरणारा फरक.

म्हणजे मियोवेनीत घट्ट केलेला बोल्ट आणि सातपूरला घट्ट केलेला बोल्ट, दोन्ही एकाच मापाच्या पान्याने सुटतात आणि सोडायला वेळही सारखाच लागतो. तरीही तो सोडण्याची मजुरी बुखारेस्टमध्ये एक, लक्झेंबर्गमध्ये दुसरी आणि नाशिकमध्ये तिसरीच. बोल्ट तोच आणि हातही माणसाचाच, मग हा फरक येतो कुठून? मला हा प्रश्न मोठा विलक्षण वाटतो, कारण त्याचं उत्तर गॅरेजमध्ये सापडतच नाही.

आधी आकडे पाहू. युरोपीय संघाची सांख्यिकी संस्था, युरोस्टॅट, दरवर्षी प्रत्येक देशातल्या तासाभराच्या श्रमाचा खर्च जाहीर करते. त्यात पगार येतो आणि मालकाला भरावी लागणारी विमा-पेन्शनची रक्कमही येते. 2024 साली हा खर्च बल्गेरियात 10.6 युरो होता, रोमानियात 12.5, डेन्मार्कमध्ये 50.1 आणि लक्झेंबर्गमध्ये 55.2. संघाची सरासरी 33.5. त्या वर्षी युरोला साधारण 90 रुपये पडत होते. म्हणजे बल्गेरियात तासाला साडेनऊशे रुपये आणि लक्झेंबर्गमध्ये पाच हजारांच्या आसपास. एकच बाजारपेठ, सीमेवर तपासणी जवळजवळ नाही, आणि तरी पाचपटीचा फरक.

हे आकडे सगळ्या उद्योगांचे मिळून आहेत, फक्त गॅरेजचे नाहीत. ग्राहकाच्या बिलावर तासाचा दर याहूनही मोठा दिसतो. जर्मनीत कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये तासाला शंभर युरोंच्या वरचा दर आता नवलाचा राहिलेला नाही. त्यातले सगळे पैसे मेकॅनिकच्या खिशात जात नाहीत. जागेचं भाडं, लिफ्ट, गाडीचा कॉम्प्युटर वाचणारी यंत्रं, काउंटरवरचा माणूस, गाडी नसताना रिकामे गेलेले तास, हे सगळं त्या एका तासावर बसतं. वर कर. हंगेरीत 27 टक्के, लक्झेंबर्गमध्ये 17. आपल्याकडे गाडीच्या दुरुस्तीवर जीएसटी 18 टक्के.

जर्मन वर्कशॉपचं बिल हातात घेतलं तर आणखी एक गंमत दिसते. तिथे काम तासांत मोजत नाहीत, तासाच्या तुकड्यांत मोजतात. बऱ्याच कंपन्या तासाचे बारा भाग करतात, पाच-पाच मिनिटांचे. काही दहा करतात, फोक्सवॅगन तर शंभर. कोणत्या कामाला असे किती तुकडे लागतात, ते कंपनीच्या पुस्तकात आधीच छापलेलं असतं. मेकॅनिकने काम लवकर संपवलं तरी बिल पुस्तकाप्रमाणे, उशीर झाला तरी पुस्तकाप्रमाणेच. नाशिकच्या साध्या गॅरेजात हिशेब ठोक असतो: क्लच प्लेट टाकायचे इतके, ब्रेक शू बदलायचे इतके. तेल आणि फिल्टर बदलून, ब्रेक साफ करून देण्याचं लेबर अजून बहुतेक ठिकाणी शेकड्यांत असतं, हजारांत नसतं.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. रोमानियातला मेकॅनिक 2008 साली जो बोल्ट सोडत होता, तोच 2024 सालीही सोडत होता. पण युरोस्टॅटच्याच नोंदींनुसार तिथला तासाचा श्रमखर्च या काळात 4.2 युरोंवरून 12.5 युरोंवर गेला. जवळजवळ तिप्पट. हाताचा वेग तिप्पट झाला नाही आणि बोल्टही तिप्पट घट्ट झाला नाही. मग झालं काय?

झालं ते गॅरेजच्या बाहेर. 1 जानेवारी 2007 रोजी रोमानिया युरोपीय संघात आला. मियोवेनीच्या कारखान्यात गाड्यांची संख्या वाढत गेली, आणि 2008 च्या वसंतात तिथल्या कामगारांनी जवळजवळ तीन आठवडे संप करून पगारवाढ मिळवली. 2014 पासून रोमानियाच्या नागरिकांना संघातल्या कोणत्याही देशात परवान्याविना नोकरी करता येऊ लागली. ज्याच्या हातात कसब होतं त्याच्यासमोर आता इटली होती, स्पेन होता, जर्मनी होती. गावातल्या गॅरेजवाल्याला चांगला मेकॅनिक टिकवायचा तर त्याला कारखान्याच्या आणि परदेशाच्या पगाराशी स्पर्धा करणं भाग पडलं. पाना फिरवायचं काम तसंच राहिलं, पण तो सोडून दुसरं काय करता येईल, याची किंमत वाढली.

अर्थशास्त्रात या विचाराचा पाया विल्यम बॉमॉल आणि विल्यम बोवेन यांनी 1966 साली घातला, तोही गॅरेज पाहून नव्हे, तर नाटक-संगीताचा हिशेब मांडताना. चार वादकांची एखादी रचना वाजवायला दोनशे वर्षांपूर्वी जेवढी माणसं आणि जेवढा वेळ लागे, तेवढाच आजही लागतो. विलंबित ख्यालाचंही तसंच. तंबोरा, तबला, पेटी आणि गायक यांच्यातला कुणी कमी करून तासाचा ख्याल वीस मिनिटांत उरकता येत नाही. पण कारखान्यात एका माणसाच्या हातून निघणारा माल वाढत जातो, तिथले पगार वाढतात, आणि वादकाचा पगार वाढवला नाही तर तो वाद्य ठेवून कारखान्यात जाईल. म्हणून ज्या कामाची उत्पादकता वाढत नाही त्याचीही मजुरी वाढत राहते. त्याआधी दोनच वर्षं, 1964 मध्ये, बेला बलाशा आणि पॉल सॅम्युएलसन यांनी वेगवेगळं लिहून देशादेशांतला असाच फरक समजावला होता. श्रीमंत देशात केस कापणं महाग का आणि गरीब देशात स्वस्त का, याचं उत्तर न्हाव्याच्या कात्रीत नाही, त्या देशाच्या कारखान्यांत आहे. सर्व्हिसिंगचं लेबर ही जवळजवळ देशाच्या एकूण उत्पन्नाची मोजपट्टीच म्हणायची.

इथपर्यंत गोष्ट पैशांची झाली. माझ्या मते खरी नवलाची गोष्ट पुढे आहे. मजुरीचा दर बदलला की दुरुस्तीच बदलते.

गाडीचा सेल्फ घ्या. चावी फिरवली, टक्क आवाज आला आणि इंजिन फिरलंच नाही, तर नाशिकचा मेकॅनिक बॅटरीची वायर काढतो, बोल्ट सोडतो आणि सेल्फ खाली उतरवून ऑटो इलेक्ट्रिशियनकडे पाठवतो. अशी दुकानं मुंबई-आग्रा महामार्गाच्या कडेने दिसतात. तिथे सेल्फ शिकंज्यात धरतात, मागचं झाकण उघडतात आणि आर्मेचर बाहेर काढतात. कार्बन झिजून नखाएवढे उरलेले असतात. तांब्याच्या पट्ट्या काळ्या पडलेल्या असतात, त्यांच्यावर पॉलिश पेपर फिरतो. पट्ट्यांमधल्या खाचांत तांब्याचा चुरा बसलेला असतो, तो हॅकसॉच्या तुटक्या पात्याने एकेक खाच करून काढतात. नवे कार्बन डाग देऊन जोडतात. बुश ढिला असेल तर ठोकून काढून नवा बसवतात. मग बॅटरीच्या दोन जाड वायरी लावून पाहतात. सेल्फ शिकंज्यातच झटका देऊन गरगर फिरतो. काम झालं. पार्टचा खर्च थोडा, बाकी सगळं हाताचं.

आता हेच जर्मनीत. तिथला मेकॅनिकही सेल्फ उतरवतो, तितक्याच वेळात. पण तो उघडत नाही. उघडून, घासून, डाग देऊन बसवायला जो वेळ जाईल त्याची किंमत तयार सेल्फच्या किमतीशी भिडते. म्हणून तो कारखान्यात पुन्हा तयार केलेला सेल्फ बसवतो. जुना परत दिला की आधी घेतलेली अनामत ग्राहकाला मिळते, आणि तो जुना सेल्फ कारखान्यात जातो. तिथे शेकडो सेल्फ एकत्र उघडले जातात, धुतले जातात, नवे भाग घालून परत पेटीत भरले जातात. एका माणसाचं कसब तिथे साखळीतल्या कामांत वाटलं गेलं. मेकॅनिक अडाणी म्हणून नव्हे. जर्मनीत या पेशाची शिकाऊ उमेदवारी साडेतीन वर्षांची असते, आपल्या आयटीआयतला मोटार मेकॅनिकचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा. जर्मन मेकॅनिकचा तासच इतका महाग आहे की तो निदान करण्यात घालवतात, घासण्यात नाही.

लोगानच्या आखणीतही हे गणित होतं. डाचिया जिच्या मालकीची, त्या रेनोचे तेव्हाचे प्रमुख लुई श्वाइत्झर यांना स्वस्त पण नवी, धडधाकट गाडी हवी होती, किंमत 5,000 युरोंच्या आसपास. म्हणून डावा आणि उजवा आरसा एकच ठेवला, डॅशबोर्डचा सांगाडा एका तुकड्याचा केला, आणि मियोवेनीत सुरुवातीला यंत्रमानव जवळजवळ बसवलेच नाहीत, कारण तिथे माणसाचा तास यंत्रापेक्षा स्वस्त होता. ती गाडी नाशिकला आली त्यामागेही हाच हिशेब होता, असं मला वाटतं.

नाशिकचं लेबरही वाढत जाणार. वाढायलाच हवं. महिंद्रा आहे, डिझेल इंजिनांचे नोझल बनवणारी बॉश आहे, सातपूर-अंबडची लहानमोठी युनिट्स आहेत. तिथले पगार वाढतील तसा गॅरेजवाल्यालाही पगार वाढवावा लागेल. पण त्याबरोबर सेल्फ उघडणारा माणूस नाहीसाच व्हावा, असा नियम नाही. फ्रान्समध्ये 2017 पासून गॅरेजने ग्राहकाला जुन्या गाड्यांतून काढलेल्या चांगल्या पार्टचा पर्याय सांगणं कायद्याने बंधनकारक आहे. युरोपीय संघात 2002 पासूनच्या नियमांमुळे बाहेरच्या गॅरेजात सर्व्हिसिंग केलं एवढ्यावरून गाडीची वॉरंटी रद्द होत नाही. आपल्याकडे भारतीय स्पर्धा आयोगाने 25 ऑगस्ट 2014 रोजी 14 कार कंपन्यांना सुट्या भागांचा बाजार अडवल्याबद्दल मिळून सुमारे 2,545 कोटी रुपयांचा दंड सुनावला. बाहेरच्या मेकॅनिकला पार्ट आणि माहिती मिळाली तरच त्याच्या हाताला काम राहतं, हे दोन्हीकडच्या नियामकांना पटलेलं होतं.

तेव्हा पुढच्या सर्व्हिसिंगला बिलाचे दोन रकाने नीट वाचा. पार्टच्या रकान्यात हवी तेवढी विचारपूस करा: कंपनीचा की बाहेरचा, बदलणं गरजेचं होतं का, जुना पार्ट कुठे आहे. सेल्फ किंवा डायनामो बदलायचा म्हणाले, तर उघडून पाहता येईल का, हे जरूर विचारा. लेबरच्या रकान्यात मात्र घासाघीस करू नका. तो पूर्ण द्या.