भिंत फोडणाऱ्यांची आडनावं

ताईच्या पायाच्या जखमेचा तपासणी अहवाल मी तिसऱ्यांदा वाचत होते. डाव्या बाजूला प्रतिजैविकांची नावं, उजव्या बाजूला एकेक अक्षर. 'एस' म्हणजे जंतू त्या औषधाला दाद देतात. 'आर' म्हणजे देत नाहीत. तीस वर्षं महाविद्यालयात सूक्ष्मजीवशास्त्र शिकवताना असे तक्ते मी मुलांकडून शेकड्यांनी भरून घेतले होते. काचेच्या बशीत जंतूंचा थर पसरायचा, त्यावर औषधाच्या टिकल्या ठेवायच्या आणि दुसऱ्या दिवशी टिकलीभोवतीचं स्वच्छ वर्तुळ पट्टीनं मोजायचं. पण त्या कागदावर ताईचं नाव होतं आणि त्याखाली एकाखाली एक आर, आर, आर.

जंतू होता स्टॅफिलोकॉकस ऑरियस. एरवी तो अनेकांच्या नाकात, कातडीवर निमूटपणे राहतो. मधुमेही माणसाच्या पायाला जखम झाली की तोच वैरी होतो. अखेर व्हँकोमायसिनसमोर 'एस' सापडलं. तीन आठवडे सलाइनमधून ते औषध चाललं. दोन बोटं काढावी लागली. पण पाय वाचला, ताई घरी आली.

एका दुपारी पट्टी बदलताना ती म्हणाली, "अगं, तू जन्मभर जंतू शिकवलेस. त्यांचं वाईट करणारा त्यांच्या जगात कुणीच नाही का गं?"

आहे. आणि एक-दोन नव्हे. या पृथ्वीवर जीवाणूंना खाणारे विषाणू किती असतील, याचा एक अंदाज एकावर एकतीस शून्यं इतका आहे. इंग्लंडच्या फ्रेडरिक ट्वॉर्टनं 1915 साली त्यांची चाहूल घेतली आणि 1917 साली पॅरिसमध्ये फेलिक्स द'हेरेलनं त्यांना नाव दिलं : बॅक्टेरियोफेज, म्हणजे जीवाणूभक्षक. हा विषाणू जीवाणूला चिकटतो, आपली जनुकं आत सोडतो आणि यजमानाच्याच चुलीवर आपला स्वयंपाक मांडतो. आत नवे विषाणू तयार होतात. मग प्रश्न येतो बाहेर पडायचा. कारण जीवाणूभोवती भिंत असते.

ही भिंत बाजेच्या विणीसारखी असते. दोन प्रकारच्या शर्करा एकाआड एक गुंफून झालेले लांब दोर, आणि त्या दोरांना एकमेकांशी बांधणाऱ्या प्रथिनांच्या आखूड गाठी. आतला दाब मोठा असतो. वीण उसवली की पेशी फुटते. विषाणू ती आतून उसवतो आणि त्यासाठी वेगवेगळी प्रथिनं कामाला लावतो. प्रयोगशाळांतल्या जुन्या ओळखीच्या लॅम्डा या विषाणूत हे काम तीन टप्प्यांत होतं. 'होलिन' नावाचं प्रथिन आतल्या पटलात गोळा होत राहतं आणि ठरल्या घटकेला, साधारण पन्नास मिनिटांनी, एकदम भोकं पाडतं. त्या भोकांतून 'एंडोलायसिन' भिंतीपर्यंत पोचतं आणि वीण कापतं. सर्वांत शेवटी 'स्पॅनिन' बाहेरचं पटल मोडतं. शंभरेक नवे विषाणू मोकळे होतात.

ताईला हे मी सांगितलं, तेव्हा तिनं विचारलं, "मग ते कापणारं काढून औषध करा की!" इतका सरळ प्रश्न माझ्या वर्गात कुणी विचारला नव्हता. त्याचं उत्तर मात्र सरळ नाही, कारण कापणारे पुष्कळ आहेत आणि कोण काय कापतो हे त्याच्या नावावरून कळत नाही.

आपल्याकडे नाही का, कुलकर्णी आडनावाचा माणूस गावचं दप्तर लिहीत नाही आणि सुतारांचा मुलगा बँकेत कारकून असतो? या प्रथिनांचंही तसंच झालं आहे. 1922 साली अलेक्झांडर फ्लेमिंगला सर्दीच्या शेंबडात जीवाणूंना विरघळवणारं एक विकर सापडलं. त्याला त्यानं 'लायसोझाइम' म्हटलं. तेच आपल्या अश्रूंत आणि अंड्याच्या पांढऱ्यात असतं. वर्गात मी मुलांसमोर जंतूंच्या गढूळ पाण्यात अंड्याचं पांढरं घालायची, आणि पाहता पाहता पाणी निवळायचं. पुढे विषाणूंतही भिंत फोडणारी प्रथिनं सापडत गेली, तेव्हा संशोधकांनी साहजिकच तेच आडनाव पुढे चालवलं.

मग एकेकाचं काम बारकाईनं तपासलं गेलं. टी-फोर या विषाणूचं लायसोझाइम खरोखरच लायसोझाइमचं काम करतं : दोन शर्करांमधला सांधा पाणी घालून तोडतं. पण टी-सेव्हनचं 'लायसोझाइम' शर्करांना हातच लावत नाही. ते दोर आणि गाठ यांच्यामधला जोड कापतं, म्हणजे ते अमायडेज आहे, हे 1973 साली कळलं. लॅम्डाचं 'लायसोझाइम' दोर कापतं खरं, पण तोडलेलं टोक स्वतःवरच वळवून बंद करतं. ते ट्रान्सग्लायकोसिलेज, हे 1981 साली ठरलं. तिघांचं आडनाव एक आणि धंदे तीन! याशिवाय गाठीच सोडवणारी एंडोपेप्टिडेज ही चौथी जात आहेच. आणि फाय-एक्स 174 हा चिमुकला विषाणू तर काहीच कापत नाही. त्याचं प्रथिन भिंतीचा माल तयार करणारं एक विकर अडवून धरतं, हे 2000 साली उघड झालं. गवंडीच अडवला, तर वाढत्या पेशीची भिंत उभी राहणार कशी?

हा पंडितांचा काथ्याकूट वाटेल. पण ताईच्याच जंतूचं पाहा. स्टॅफिलोकॉकस ऑरियस आपल्या भिंतीतल्या शर्करेला एक रासायनिक शेपटी जोडून ठेवतो. त्यामुळे आपल्या अश्रूंतल्या लायसोझाइमचं त्याच्यापुढे चालत नाही. त्याच्या गाठींमध्ये मात्र ग्लायसिन या अमिनो आम्लाचे पाच-पाच मणी ओवलेले असतात. तेव्हा त्याच्यासाठी शर्करा कापणारा शोधून उपयोग नाही. गाठीवर सुरी चालवणारा हवा. नाव 'लायसोझाइम' आहे म्हणून कुणीतरी भलताच कारागीर बोलावला, तर वर्षं फुकट जातात. शिवाय काही जीवाणूंच्या भिंतीवर आणखी एक बाहेरचं पटल असतं. ते ओलांडता आलं नाही, तर बाहेरून सोडलेली उत्तमातली सुरीसुद्धा निकामी.

म्हणून ही वर्गवारी. प्रथिन म्हणजे वीस अमिनो आम्लांच्या अक्षरांत लिहिलेली एक लांब ओळ. आज विषाणूंच्या जनुकांचं वाचन इतकं झालं आहे की प्रत्येक ओळीचा प्रयोग करायला माणसं पुरायची नाहीत. तेव्हा संगणकाला ज्यांचं काम सिद्ध झालं आहे अशी प्रथिनं दाखवायची आणि नव्या ओळी त्यांच्याशी ताडून पाहायला शिकवायचं. पण नुसती अक्षरं जुळवून भागत नाही. टी-फोरचं लायसोझाइम 164 अमिनो आम्लांचं, कोंबडीच्या अंड्यातलं 129 चं. ओळी वाचल्या तर नातं लागत नाही. घडी मात्र एकाच घराण्याची. अक्षरं बदलतात, चेहरेपट्टी टिकते. प्रथिनांची घडी संगणकावर वर्तवण्याच्या कामाला 2024 सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं, ते या कामी फार उपयोगी पडतं आहे.

तरीही एक धोका उरतो. संगणक शिकतो तो आपण लावलेल्या चिठ्ठ्यांवरून. एका प्रथिनावर चुकीची चिठ्ठी लागली, की त्याच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्यांवर तीच लागते, आणि ती वाचून आणखी तिसऱ्यांवर. जुन्या सातबाऱ्यावरची एक चूक पुढच्या वारसांपर्यंत जावी, तसं. ती दुरुस्त होते ती शेवटी टेबलावरच : भिंत घ्यायची, प्रथिन घालायचं आणि नेमका कुठला सांधा तुटला ते पाहायचं. हे काम वेळखाऊ आहे आणि त्यात वाहवा कमी. पण त्याच्यावाचून वरचा सगळा डोलारा अधांतरी राहतो.

औषधाचं काय? 2001 साली न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठात व्हिन्सेंट फिशेटी आणि सहकाऱ्यांनी अशा विकरानं उंदरांच्या घशातले स्ट्रेप्टोकॉकस नाहीसे करून दाखवले. माणसांतही चाचण्या झाल्या. रक्तात पसरलेल्या स्टॅफिलोकॉकसवरचं एक्झेबाकेज हे तिसऱ्या टप्प्यापर्यंत पोचलं, पण फायद्याची आशा दिसेना म्हणून 2022 साली ती चाचणी थांबवली गेली. आशेनं वाचणाऱ्यांना हे कडू लागेल, मला लागलं. पण प्रतिजैविकांना न जुमानणाऱ्या जंतूंमुळे 2019 या एका वर्षात जगात सुमारे 12 लाख 70 हजार माणसं गेली, असा अंदाज आहे. अशा वेळी एक सुरी बोथट निघाली म्हणून सगळा खोका फेकून देता येत नाही. खोक्यात काय काय आहे, ते आधी नीट मांडून ठेवावं लागतं.

हे सगळं मी ताईला दोन-तीन दुपारींत, पट्टी बदलता बदलता सांगितलं. एक्झेबाकेजची गोष्ट लपवली नाही. ती थोडा वेळ गप्प बसली. मग उशाखालचा तो जुना अहवाल काढून तिनं माझ्यासमोर धरला.

"तुझे ते शास्त्रज्ञ असतील ना, त्यांना म्हणावं नावावर जाऊ नका. एकेकाचं काम बघा." आणि पाय पुढे करत म्हणाली, "हं, आता बांध नीट. कालची पट्टी सैल झाली होती."

मी पट्टी सोडली. जखमेच्या कडेनं नवी, गुलाबी कातडी धरू लागली होती.