लाल टोपीआडचा स्टुअर्ट

कलोडनचे रणांगण, बाईच्या वेशात स्काय बेटावर निसटलेला राजपुत्र चार्ल्स एडवर्ड, त्याच्यावर रचलेली गाणी. स्टुअर्ट घराण्याची ही बाजू सर्वांना माहीत आहे. धाकटा भाऊ हेन्री बेनेडिक्ट त्यात एखाद्या वाक्यापुरता येतो. भाऊ इंग्लंडच्या गादीसाठी वणवण फिरत होता आणि हा रोममध्ये लाल टोपी घालून बसला, असे ते वाक्य. मला ते अन्यायाचे वाटते. त्या घरातले आतले व्यवहार पाहिले की घर कोणी बुडवले आणि कोणी सावरले, याचे उत्तर नेमके उलटे निघते.

पॅरिसमधल्या त्या जेवणापासून सुरुवात करू. 1747 च्या एप्रिलअखेर हेन्रीने थोरल्या भावाला रात्रीच्या जेवणाला बोलावले. चार्ल्स पोहोचला, तर घरभर दिवे लागलेले, नोकर हजर, पण यजमानाचा पत्ता नाही. मध्यरात्रीपर्यंत तो वाट पाहत बसला. तीन दिवसांनी चिठ्ठी आली, की हेन्री वडिलांना भेटायला रोमच्या वाटेला लागला आहे. पुढे वडिलांचेच पत्र आले, की पोप बेनेडिक्ट चौदावे त्याला कार्डिनल करत आहेत. 3 जुलैला 22 वर्षांच्या हेन्रीला लाल टोपी मिळाली आणि प्रॉटेस्टंट इंग्लंड स्टुअर्टांना परत बोलावील, ही उरलीसुरली आशाही संपली. सगळे खापर धाकट्यावर फुटले. पण बेत बाप-लेकांनी मिळून केलेला होता, आणि घरच्यांना अंधारात ठेवून निघण्याचा पायंडा थोरल्यानेच पाडला होता. 1745 मध्ये स्कॉटलंडला निघताना त्याने वडिलांची परवानगी घेतली नव्हती. त्या वेळी भावाच्या मदतीला जाण्यासाठी फ्रेंच फौजेबरोबर किनाऱ्यावर थांबलेला माणूस म्हणजे हाच हेन्री. ती जहाजे सुटलीच नाहीत.

बाप-लेकांचे तरी जमले का? 1752 मध्ये दोघांत जुंपली. कारण होते हेन्रीच्या पदरचा एक धर्मगुरू, जोव्हान्नी लेर्कारी. हेन्रीचा त्याच्यावर फार जीव, म्हणून वडिलांना तो डोळ्यांसमोर नको. त्याला काढून टाका म्हटल्यावर कार्डिनलसाहेबच घर सोडून गेले आणि बोलोन्यात जाऊन बसले. अखेर खुद्द पोपने मध्यस्थी केली, तेव्हा वर्षाच्या शेवटी चिरंजीव घरी परतले. लेर्कारीला रोम सोडावे लागले. पुढे तोच जेनोआचा आर्चबिशप झाला.

1 जानेवारी 1766 रोजी वडील वारले. पोप क्लेमेंट तेरावे यांनी चार्ल्सला इंग्लंडचा राजा मानायला नकार दिला. हेन्रीने अर्जविनंत्या केल्या, पण काही उपयोग झाला नाही. तेव्हा तो रोमकडे येणाऱ्या भावाला सामोरा गेला, त्याला आपल्या बग्गीत घेतले आणि शहरातून फिरवले. त्या काळच्या रोममध्ये मानपान म्हणजेच राजकारण होते. कार्डिनल आपल्या उजव्या हाताची जागा देई ती फक्त राजाला, आणि चार्ल्स बसला होता उजवीकडे. जे पोपने नाकारले ते धाकट्या भावाने भर रस्त्यात, तोंडातून शब्द न काढता बहाल केले. अठरा वर्षांहून जास्त चाललेली भाऊबंदकी त्या बग्गीत मिटली. शिक्षा मात्र भलत्यांनाच झाली. चार्ल्सचे राजा म्हणून स्वागत करणाऱ्या इंग्लिश, स्कॉटिश आणि आयरिश धर्मविद्यालयांच्या प्रमुखांना रोममधून घालवून दिले गेले.

हेन्रीला भाबडा का म्हणतात हे जाणून घ्यायचे तर भावजयीचा किस्सा वाचावा. चार्ल्सने 1772 मध्ये लुईझ ऑफ स्टोलबर्गशी लग्न केले तेव्हा त्याने पन्नाशी ओलांडली होती, ती अजून वीस वर्षांचीही नव्हती. दारूने त्याचा पुरता ताबा घेतला होता. 1780 च्या अखेरीस मारहाण असह्य होऊन ती फ्लॉरेन्समधल्या एका मठात पळाली. दिराने तत्काळ तिची बाजू घेतली. तिला रोममधल्या त्याच मठात आणले, जिथे हेन्रीची आई क्लेमेंटिना एकेकाळी राहिली होती. भावाला पोपकडून मिळणाऱ्या तनख्यातला निम्मा हिस्सा तिला मिळावा म्हणून खटपट केली. इतकेच नव्हे, मठ अडचणीचा वाटू लागला तेव्हा कान्चेल्लेरिया हा आपला सरकारी राजवाडा तिला राहायला दिला. स्वतः तो बराच काळ आपल्या धर्मप्रांतात, फ्रास्काटीच्या टेकडीवर राहत असे. त्यामुळे राजवाड्यात रोज कोण येते-जाते हे त्याला कळत नव्हते. रोज येत होता कवी आणि नाटककार व्हित्तोरियो आल्फिएरी. त्याचे आणि लुईझचे प्रेम फ्लॉरेन्सपासूनचे होते, आणि तिच्या पळून जाण्याच्या बेतातही तो सामील होता. सगळ्या रोमला हे ठाऊक होते. 1783 मध्ये चार्ल्स मरणाच्या दारात आहे असे कळून हेन्री फ्लॉरेन्सला धावला, तेव्हा भावाने अंथरुणावरून ते सारे त्याच्या कानावर घातले. हेन्री संतापाने पेटला. आल्फिएरीला रोम सोडावे लागले. लोक या प्रसंगात कार्डिनलला भोळसट ठरवतात. मी तसे म्हणणार नाही. मार खाणारी बाई दारात आली, तेव्हा त्याने सख्ख्या भावाविरुद्ध जाऊन तिला आसरा दिला. राजघराण्यांत हे किती जणांनी केले असते?

31 जानेवारी 1788 रोजी चार्ल्स गेला. राजाच्या इतमामाने सेंट पीटर्समध्ये अंत्यविधी करायला पोप पायस सहावे तयार झाले नाहीत. हेन्रीने वाद घातला नाही. भावाचा देह त्याने फ्रास्काटीला नेला आणि आपल्या कॅथेड्रलमध्ये, जिथे त्याचाच शब्द चालत होता, राजाला शोभेल असा विधी स्वतः केला. मग तो स्वतःला हेन्री नववा म्हणवू लागला. पदके पाडून घेतली. त्यांवर लॅटिनमध्ये कोरले, की हे राजेपण माणसांच्या इच्छेने नव्हे, देवाच्या इच्छेने आहे. गादीसाठी मात्र त्याने बोटही उचलले नाही. गंडमाळा झालेल्या रोग्यांना राजाच्या स्पर्शाने गुण येतो, ही इंग्लंडच्या राजांची जुनी समजूत. लंडनमध्ये पहिल्या जॉर्जने ती प्रथा बंद केली होती. अखेरपर्यंत ती पाळली ती इटलीतल्या या कॅथॉलिक कार्डिनलने.

त्यानंतर नेपोलियन आला. 1797 च्या तोलेन्तिनो तहाने पोपवर अफाट खंडणी लादली गेली. ती भरायला हातभार म्हणून हेन्रीने घरातले जडजवाहीर विकले. त्यात आईच्या माहेरचे, पोलंडच्या सोबिएस्की राजघराण्याचे प्रसिद्ध माणिकही गेले. वर्षभरात फ्रेंच फौजा रोममध्ये शिरल्या. सत्तरी ओलांडलेला हेन्री नेपल्स, मेसिना, कोर्फू अशी वाट तुडवत व्हेनिसला पोहोचला. उरलेली चांदीची भांडी विकून दिवस काढत होता. त्याची ही अवस्था कार्डिनल बोर्जा यांनी सर जॉन कॉक्स हिपिस्ली यांना पत्राने कळवली. हे हिपिस्ली ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत भोसल्यांच्या तंजावरला राहून आलेले. नामधारी राजे आणि त्यांचे तनखे त्यांना चांगलेच परिचयाचे असणार. त्यांनी हालचाल केली आणि तिसऱ्या जॉर्जने, म्हणजे ज्याच्या घराण्याने स्टुअर्टांची गादी घेतली त्याच राजाने, हेन्रीला वर्षाला 4000 पौंड सुरू केले. यात दया होतीच, पण जुने देणेही होते. हेन्रीची आजी मेरी ऑफ मोडेना हिला पार्लमेंटने मंजूर केलेली नेमणूक कधी दिलीच गेली नव्हती.

पैसे नव्हते तेव्हाही हेन्रीच्या शब्दाला वजन होते. पायस सहावे फ्रेंचांच्या कैदेत वारले आणि नवा पोप निवडायला कार्डिनल व्हेनिसच्या सान जोर्जो बेटावर जमले. सभेच्या चिटणीसपदासाठी हेन्रीने ज्याच्यामागे आपले बळ उभे केले, तो एर्कोले कोन्साल्व्ही फ्रास्काटीच्या सेमिनरीत त्याच्याच मायेखाली शिकलेला. साडेतीन महिन्यांच्या रस्सीखेचीनंतर 14 मार्च 1800 रोजी पायस सातवे निवडून आले. पुढच्याच वर्षी नेपोलियनसमोर बसून पोपच्या वतीने करार घडवून आणला तो या कोन्साल्व्हीने.

हेन्री 13 जुलै 1807 रोजी फ्रास्काटीत वारला. 1761 मध्ये त्याला तिथले बिशपपद मिळाले, तीही तारीख 13 जुलैच होती. कार्डिनलपद त्याने 60 वर्षे सांभाळले. अखेरीस तर तो सगळ्या कार्डिनलांचा प्रमुख होता, आणि सेंट पीटर्समध्ये त्याला जागा देण्याविषयी कोणाला शंका असण्याचे कारण नव्हते. त्याच्याबरोबर चार्ल्सचा देहही फ्रास्काटीहून तिथे आणला गेला. 1788 मध्ये राजा म्हणून जे दार उघडले नव्हते, त्यातून थोरला भाऊ कार्डिनल भावाच्या सोबतीने आत गेला. 1819 मध्ये शिल्पकार कानोव्हाने तिथे बाप आणि दोन मुलगे यांचे स्मारक उभे केले. त्याच्या खर्चात तिसऱ्या जॉर्जच्या मुलानेही वर्गणी घातली होती.