घरटी की माणशी?

यात्रेची वर्गणी ठरवताना गावात एक तंटा हमखास होतो. वर्गणी घरटी काढायची की माणशी? ज्याचे खटले मोठे, तो म्हणतो घरटी काढा. ज्याच्या घरी दोनच माणसे, तो म्हणतो माणशी काढा. आम्ही असे तंटे पुष्कळ पाहिले. तसाच एक तंटा आज देशादेशांत चालू आहे. तो आहे धुराचा.

कोळसा, डिझेल जाळले की धुराबरोबर कार्बन डाय-ऑक्साइड नावाचा वायू निघतो. तो डोळ्यांना दिसत नाही. शेकडो वर्षे हवेत राहतो आणि घोंगडीसारखी पृथ्वीची ऊब धरून ठेवतो. म्हणून पृथ्वी तापत चालली आहे. पाऊस एकदम कोसळतो, नाहीतर ओढ देतो.

धूर कमी करावा हे सगळ्यांना पटते. पण कोणी किती?

श्रीमंत देश घरटी हिशेब मांडतात. सर्वांत जास्त धूर चीनचा, मग अमेरिकेचा, तिसरा नंबर भारताचा. आपण म्हणतो, माणशी मोजा की! अमेरिकेत माणशी वर्षाला सुमारे १४० क्विंटल वायू निघतो, आपल्याकडे सुमारे २०. आणि मागची बाकी? आजवर माणसांनी कोळसा-तेल जाळून जेवढा वायू सोडला, त्यातला सुमारे चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा.

१९९२ साली ब्राझीलमध्ये रिओ येथे करार झाला. जबाबदारी सर्वांची, पण सारखी नाही, असे त्यात ठरले. २००९ साली श्रीमंत देशांनी शब्द दिला, २०२० पर्यंत गरीब देशांसाठी वर्षाला १०० अब्ज डॉलर उभे करू. तो आकडा गाठायला २०२२ साल उजाडले. त्यातही पुष्कळ पैसा कर्जाऊ. कर्जाला मदत कसे म्हणावे?

२०२१ साली ग्लासगोच्या सभेत कोळशाची वीज 'बंद करत जाऊ' असे कागदावर होते. भारत-चीनने शेवटच्या घटकेला ते 'कमी करत जाऊ' असे करून घेतले. सभेच्या अध्यक्षांचा गळा दाटून आला.

समोरच्यांचेही एक म्हणणे खरे आहे. चीनचा माणशी धूर आता युरोपपेक्षा जास्त आहे. आणि आपल्याकडेही बंगल्यातल्या चार मोटारी अन् वाडीवरचा एक दिवा एकाच सरासरीत मोजतात, ते काही आम्हाला पटत नाही.

आता युरोपने १ जानेवारी २०२६ पासून नवा आकार बसवला आहे. बाहेरून येणारे लोखंड, सिमेंट बनवताना किती धूर झाला, ते पाहून पैसे पडतात. भारताने त्याला हरकत घेतली आहे.